हॅकेथॉनच्या आधीचा महिना

हॅकेथॉनचा पहिला दिवस. सकाळचा चहा झालेला, टेबलावर चार लॅपटॉप उघडे, आणि चौघांची टीम एकाच पडद्याकडे टक लावून बसलेली. पडद्यावर एकच तक्रार: लायब्ररी सापडत नाही. त्यांच्या विभागातल्या मशीनवर ती लायब्ररी सात-आठ वर्षांपूर्वी कुणीतरी बसवून ठेवली होती. कुठली आवृत्ती, कुठले पर्याय देऊन, हे ठाऊक असलेला विद्यार्थी केव्हाच पोस्टडॉकला परदेशी गेलेला. जेवण झालं, दुपारचा चहा झाला, तेव्हा कुठे कोड कंपाईल झाला. पाचातला एक दिवस संपला. त्या टीमची मेंटर मी होते, आणि दिवसभरात जीपीयूबद्दल एक शब्दही त्यांना सांगायची वेळ माझ्यावर आली नाही.

दर खेपेला एखाद्या तरी टेबलावर हे होतंच. म्हणून या लेखात हॅकेथॉनच्या पाच दिवसांपेक्षा त्याआधीच्या महिन्याबद्दल जास्त लिहिणार आहे. पीएच.डी. करणारे, पोस्टडॉक, किंवा 'आपला कोड आता जीपीयूवर न्यायलाच हवा' असं तीन वर्षं म्हणणारे प्राध्यापक, यांच्यासाठी हे आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. हॅकेथॉन म्हटलं की रात्रभर जागून ॲप बनवणारी आणि शेवटी धनादेशाच्या मोठ्या पुठ्ठ्यासोबत फोटो काढणारी मुलं डोळ्यांपुढे येतात. शास्त्रज्ञांसाठीचं जीपीयू हॅकेथॉन तसं नाही. इथे स्पर्धा नसते. टीम स्वतःचाच, रोजच्या संशोधनातला कोड घेऊन येते, सोबत एक-दोन अनुभवी मेंटर बसतात, आणि काही दिवस फक्त तेवढंच काम चालतं. ही पद्धत रुजली अमेरिकेत, टेनेसीमधल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत. तिथे २०१२ साली टायटन हा महासंगणक उभा राहिला. १८,६८८ नोड, आणि प्रत्येक नोडमध्ये सोळा कोअरच्या सीपीयूशेजारी एक जीपीयू. यंत्राची सुमारे नव्वद टक्के ताकद त्या जीपीयूंमध्ये, आणि ते वापरायला येणाऱ्या शास्त्रज्ञांचे कोड मात्र वीस-वीस वर्षं जुने, फोरट्रानमधले, सीपीयूसाठी लिहिलेले. व्याख्यानं ऐकून लोक घरी जात आणि कोड होता तिथेच राही. म्हणून २०१४ मध्ये त्यांनी शास्त्रज्ञांना कोडसकट बोलावून घेतलं. पुढे स्वित्झर्लंडमधल्या लुगानोच्या संगणन केंद्रात आणि आणखी कितीतरी ठिकाणी तीच पद्धत गेली. आपल्याकडे २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन मोहीम सुरू झाल्यावर संस्थांमध्ये 'परम' यंत्रं आली. पुण्याच्या सी-डॅकमधलं 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत त्रेसष्टावं होतं. बूटकॅम्प आणि हॅकेथॉनही इथे होऊ लागले. पुण्याहून नाशिककडे जाताना नारायणगावला वळलात तर खोडदची दुर्बीण दिसते. तिच्या ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी ताडून पाहायचं काम आता जीपीयूच करतात. तेव्हा ही विद्या काही परकी राहिलेली नाही.

बूटकॅम्प की हॅकेथॉन

बूटकॅम्प एक-दोन दिवसांचा असतो. तयार उदाहरणं असतात, सगळ्यांना एकच सराव. जीपीयूला कधी हातच लावला नसेल तर आधी हे करा. एनव्हिडियाचं कुडा २००७ साली आलं, निर्देशांवर चालणारं ओपनएसीसी २०११ मध्ये, आणि ओपनएमपीने २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत जीपीयूसाठी दार उघडलं. या तिन्हींचा एकेक छोटा नमुना स्वतःच्या हाताने चालवलेला असावा, एवढी तयारी पुरते. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा जीपीयूवरचा अभ्यासक्रम फुकट आहे. त्याचे पहिले काही आठवडे केले तरी मेंटरची भाषा कळू लागते.

यातलं काय निवडावं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. पन्नास हजार ओळींचा फोरट्रान कोड असेल तर ओपनएसीसी किंवा ओपनएमपी. लूपच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, बाकीचं कंपायलर बघेल. कुडामध्ये सगळं नव्याने लिहायला बसू नका. पाच दिवसांत ते होत नाही, आणि झालंच तर पुढच्या विद्यार्थ्याला ते वाचता येत नाही. पायथॉन असेल तर क्युपाय आणि नंबा. आणखी एक भान असू द्या: आज जगातली सगळीच मोठी यंत्रं एका कंपनीच्या जीपीयूवर चालत नाहीत. ओक रिजचंच फ्रंटिअर २०२२ मध्ये एक एक्झाफ्लॉपचा टप्पा ओलांडून पहिलं आलं, आणि ते एएमडीच्या जीपीयूवर चालतं. तिथे कुडा जसंच्या तसं चालत नाही.

टीम आणि गाईडची परवानगी

तीन ते सहा माणसं. एकाला भौतिकी किंवा रसायन पक्कं हवं, म्हणजे उत्तर चुकलं तर आकडे बघूनच तो म्हणेल, 'हे तापमान ऋण कसं आलं?' एकाला कोडचे गल्लीबोळ पाठ हवेत. आणि एकजण असा हवा, जो पुढच्या वर्षीही प्रयोगशाळेत असणार आहे. हा तिसरा माणूस लोक नेहमी विसरतात. सगळेच जण थीसिस लिहायच्या बेतात असले, तर शिकलेलं सगळं त्यांच्याबरोबर निघून जातं.

गाईडची परवानगी हा वेगळाच अध्याय आहे. 'सर, पाच दिवस हॅकेथॉनला जायचंय.' 'आणि पेपरचं काय?' हा संवाद जवळपास प्रत्येक टीमने ऐकलेला असतो. उत्तर आकड्यांत द्या. सध्या एक रन किती तासांचा, वर्षात असे किती, आणि क्यूमध्ये वाट बघण्यात किती दिवस गेले. एका कागदावर एवढं मांडून नेलं की सर बहुतेक वेळा स्वतःच विचारतात, मी कुठल्या दिवशी येऊ? त्यांनी एक दिवस तरी यावंच. भौतिकीचे काही निर्णय त्यांच्याशिवाय होत नाहीत.

मोजा

हॅकेथॉनला येणारा प्रत्येकजण सांगतो, 'आमचा सगळा वेळ त्या एका सबरुटीनमध्ये जातो.' आणि प्रोफायलर लावला की तिसरंच काहीतरी निघतं. एका टीमला अशी ठाम खात्री होती की वेळ विभेदक समीकरण सोडवण्यात जातो. प्रत्यक्षात दर शंभर पायऱ्यांनी ते जो मजकूर डिस्कवर लिहीत होते, त्यात एक तृतीयांश वेळ जात होता. त्यांचा निम्मा प्रश्न जीपीयूशिवायच सुटला. तेव्हा आधी सीपीयूवरच प्रोफाईल काढा. जीप्रॉफ जुनं असलं तरी चालेल, एनसाईट सिस्टिम्स असेल तर उत्तम. वेळेनुसार पहिल्या पाच फंक्शनची यादी आणि प्रत्येकापुढे टक्केवारी.

ती टक्केवारी हातात आली की १९६७ साली जीन ॲमडाल यांनी मांडलेला हिशेब करून बघा. समजा रन शंभर मिनिटांचा आहे आणि त्यातली ऐंशी मिनिटं एका लूपमध्ये जातात. तो लूप जीपीयूवर चाळीस पट वेगाने धावला, म्हणजे दोन मिनिटांत आटोपला. उरलेली वीस मिनिटं तशीच. एकूण बावीस. साडेचार पट. लूप शून्य वेळात झाला तरी पाच पटीच्या वर तुम्ही जाऊच शकत नाही. कुठल्याशा भाषणात 'शंभर पट' ऐकून आलेली टीम हा हिशेब पाहून हिरमुसते. पण तो महिनाभर आधी झाला, तर उरलेल्या वीस मिनिटांमध्ये काय आहे हे पाहायला वेळ मिळतो. हॅकेथॉनच्या चौथ्या दिवशी झाला, तर नाही.

लहान नमुना, बरोबर उत्तर

खरा रन सहा तासांचा असेल तर हॅकेथॉनमध्ये तो घेऊन येऊ नका. दिवसातून पन्नास वेळा काहीतरी बदलून बघायचं असतं. प्रत्येक वेळी सहा तास कुठून आणणार? त्याच भौतिकीचा एक लहान नमुना करा, जो एक-दोन मिनिटांत संपेल. फार लहानही नको. जीपीयूला हजारो धाग्यांचं (थ्रेडचं) काम लागतं. शंभर बिंदूंची जाळी दिली तर तो रिकामाच बसेल आणि तुम्ही म्हणाल, 'सीपीयूच बरा.' टीमची पाच दिवसांची गती या नमुन्यावर ठरते, म्हणून याला एक आख्खा आठवडा दिलात तरी चालेल.

आता उत्तराचं. जीपीयूवर गेल्यावर तुमचं उत्तर सीपीयूशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळणार नाही. यात कुणाची चूक नसते. संगणकावरची बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर उत्तर अवलंबून असतं. करून बघा: दहाचा सोळावा घात घ्या, त्यात एक मिळवा, मग दहाचा सोळावा घात वजा करा. दुहेरी अचूकतेत उत्तर येतं शून्य. आता आधी वजा करा आणि मग एक मिळवा. उत्तर एक. जीपीयूवर हजारो धागे आपापल्या सवडीने बेरजा करतात, क्रम बदलतो, म्हणून बाराव्या-तेराव्या आकड्यात फरक पडतो. पण पाचव्या आकड्यात पडलेला फरक हाच आहे, की कुणीतरी एकाच जागी दोघांनी लिहिल्यामुळे झालेली गडबड आहे? हे आधी ठरवलेलं नसेल तर टीममध्ये तिसऱ्या दिवशी भांडणं होतात. मी पाहिलेली आहेत. म्हणून घरून निघण्याआधी ठरवा: ऊर्जेत किती सापेक्ष फरक चालेल, वस्तुमानात किती. तो आकडा तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहा, जी शेवटी फक्त 'पास' किंवा 'नापास' म्हणेल. आणि हो, तो आकडा गाईडकडून लिहून घ्या.

मग कोड हॅकेथॉनच्या यंत्रावर चढवून बघा. आयोजक साधारणपणे आधीच अकाउंट देतात, आणि लोक ते पहिल्या दिवशी सकाळी उघडतात. कंपायलर कुठला, लायब्ररी कुठल्या, कुठल्या आवृत्त्या, हे एका फाईलमध्ये लिहा. सुरुवातीला सांगितलेल्या त्या विभागाची दुसरी टीम पुढच्या वर्षी आली, तेव्हा त्यांच्याकडे अशी एक पानाची फाईल होती. त्यांनी मला अकरा वाजता पहिला जीपीयूचा प्रश्न विचारला.

मेंटरलाही आधीच पत्र लिहा. प्रोफाईल, लहान नमुना कसा चालवायचा, आणि तुम्हाला काय हवंय, एवढं पुरे. 'कोड वेगवान करायचाय' हे उद्दिष्ट नव्हे. 'हा लूप जीपीयूवर न्यायचा आणि आठवडाभर चालणारा रन रात्रीत संपवायचा', हे उद्दिष्ट.

पहिला धक्का

आता ते पाच दिवस. काही ठिकाणी हे सलग पाच दिवस नसतात. एक दिवस ओळखीचा, मध्ये आठवडाभराची उसंत, मग सलग तीन दिवस, असाही आराखडा असतो. ती उसंत सोन्यासारखी आहे, तिला सुट्टी समजू नका.

पहिला लूप जीपीयूवर गेला की बहुतेकांचा कोड आधीपेक्षा हळू होतो. दरवेळी. टीमचे चेहरे पडतात. का होतं ते एकदा कागदावर मांडते. समजा तुमची त्रिमितीय जाळी ५१२ गुणिले ५१२ गुणिले ५१२ बिंदूंची आहे आणि प्रत्येक बिंदूवर दुहेरी अचूकतेची एक संख्या. एक जाळी म्हणजे सुमारे १.०७ गीगाबाईट. ए-१०० जातीच्या जीपीयूची स्वतःची मेमरी सेकंदाला जवळपास दीड हजार गीगाबाईट वाचू शकते. तेव्हा पूर्ण जाळी एकदा वाचून परत लिहायला दीड मिलिसेकंद लागतो. पण जाळी सीपीयूच्या मेमरीतून जीपीयूवर जाते ती पीसीआय-ईच्या रस्त्याने. जुन्या पिढीच्या यंत्रात तो रस्ता प्रत्यक्षात सेकंदाला बाराएक गीगाबाईट नेतो. जायला नव्वद मिलिसेकंद, यायला नव्वद. म्हणजे कामाला दीड, आणि येण्याजाण्याला एकशे ऐंशी! विहिरीचं पाणी घागरीने शेतात नेऊन, वापरून, उरलेलं परत विहिरीत ओतण्यासारखं आहे हे. रस्ता नव्या पिढीचा, दुप्पट रुंद असला तरी हिशेबात फारसा फरक पडत नाही.

उपाय साधा: मालमसाला एकदाच वर न्या आणि शेवटपर्यंत तिथेच ठेवा. ओपनएसीसीत त्यासाठी डेटा रीजन असतो. वेळाच्या लूपच्या बाहेर तो उघडा. पण यासाठी मधली सगळी किरकोळ कामं, सीमेवरच्या अटी, बेरीज-सरासरी, हीही जीपीयूवरच करावी लागतात. त्या कामांचा वेळ नगण्य म्हणून टीम ती सीपीयूवर ठेवते, आणि तेवढ्यासाठी आख्खी जाळी खाली-वर होत राहते. हळू चालणारं काम जीपीयूवरच हळू चालू दे. येण्याजाण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

दुसरी जागा म्हणजे मेमरीचा क्रम. एनव्हिडियाच्या जीपीयूवर धागे बत्तीस-बत्तीसच्या जुडीने चालतात, आणि त्या जुडीला वार्प म्हणतात. हा शब्द थेट विणकामातला. इचलकरंजी-सोलापूरच्या माणसाला समजावून सांगायलाच नको: वार्प म्हणजे ताणा, मागावरचे उभे धागे, एकत्र ताणलेले. शेजारच्या धाग्यांनी मेमरीत शेजारच्या जागा वाचल्या तर एका फेरीत काम होतं. दूरदूरच्या वाचल्या तर प्रत्येकाची फेरी वेगळी. फोरट्रानमध्ये पहिली सूची सलग असते, सीमध्ये शेवटची. कोड एका भाषेतून दुसरीत नेताना लूपचा क्रम उलटा राहून गेला, एवढ्या एका कारणाने दहा पट वेळ लागताना मी पाहिला आहे. मेंटरला बोलावण्याआधी एवढं स्वतः तपासून घ्या.

आणि घरच्या गेमिंग कार्डावर वेग मोजू नका. त्या कार्डांत दुहेरी अचूकतेची ताकद एकेरीच्या बत्तिसावा किंवा चौसष्टावा भाग असते. तिथे उत्तर बरोबर येतंय का, एवढंच बघा.

रोज संध्याकाळी प्रत्येक टीमला पाच-दहा मिनिटं उभं राहून सांगावं लागतं: आज काय केलं, कुठे अडलं, उद्या काय. लोकांना हे ओझं वाटतं. मला वाटतं, सगळ्या कार्यक्रमात हीच वेळ सगळ्यात मोलाची आहे, पण एका अटीवर: अडलेलं सांगा. 'आज पंधरा पट वेग मिळाला' असं सांगणाऱ्या टीमला टाळ्या मिळतात. 'आमचा जीपीयूवरचा लूप कधी बरोबर उत्तर देतो, कधी चुकीचं' असं सांगणाऱ्या टीमकडे सभा संपल्यावर दोनजण येतात आणि विचारतात, 'तुम्ही एकाच व्हेरिएबलमध्ये सगळ्या धाग्यांकडून बेरीज करताय का?' आपल्याकडे बाहेरच्यांपुढे चूक कबूल करायला जड जातं, विशेषतः समोर दुसऱ्या संस्थेचे ज्येष्ठ प्राध्यापक बसले असतील तर. पण त्या ज्येष्ठांच्या टीमचाही कोड काल हळूच झालेला असतो.

मेंटरशी वागण्याचंही एक तंत्र आहे. त्याच्या हातात कीबोर्ड देऊ नका. तो पाच मिनिटांत करून देईल, आणि तुम्ही 'वा!' म्हणाल, आणि गुरुवारी त्यातलं काहीच आठवणार नाही. त्याला शेजारी बसवा, तुम्ही टाईप करा. आणि अर्धा तास डोकं लावूनही न सुटलं तर हाक मारा. दोन तास नव्हे, अर्धा तास. मेंटर त्यासाठीच तिथे असतो. मी स्वतः कितीदा रिकामी बसून चौथा चहा प्यायले आहे, आणि शेजारच्या टेबलावर टीम दुपारभर एका अल्पविरामाशी झगडत होती.

शेवटच्या दिवशी नवीन काहीही सुरू करू नका. सकाळीच सगळ्यांचे बदल एका शाखेत आणा, तपासणीची स्क्रिप्ट चालवा, 'पास' येऊ द्या. मग वेळेचा तक्ता करा: सीपीयूवर किती, जीपीयूवर किती, आणि सीपीयूचा आकडा सगळ्या कोअर वापरून घेतलेला असू द्या. एका कोअरशी तुलना करून मिळालेली शंभर पट कुठल्याही परीक्षकाला फसवत नाही. पुढे महासंगणकावर वेळ मागायचा अर्ज भराल, तेव्हा त्यात नेमका हाच तक्ता मागतात.

आणि तो तक्ता, प्रोफाईलच्या फाईली, जॉबच्या स्क्रिप्ट, कंपाईल करताना दिलेले सगळे पर्याय, असं सगळं निघण्याआधी स्वतःच्या मशीनवर उतरवून घ्या. तात्पुरती अकाउंट फार दिवस चालू नसतात. सोमवारी प्रयोगशाळेत बसून लॉगिन करायला जाल आणि पासवर्ड चालणार नाही.